बर्लिनच्या कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप, महिना हजार युरो. जाऊ का?

मानेवाडा_बॅकएंड

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका स्वायत्त कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आठव्या सेमिस्टरसाठी बर्लिनमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्नशिपचं जमून राहिलं आहे. सहा महिने, पायथनमध्ये प्रोग्रामिंग आणि पोस्टग्रेस डेटाबेसचं काम, महिना १००० युरो. बाबांनी लगेच रुपयात गुणाकार केला आणि आकडा लाखाच्या घरात गेल्यावर काकाला, आत्याला, सगळ्यांना फोन झाले. आईचं एकच चालू आहे, "खाशील काय तिथं?"

अडचण अशी की कंपनीनं कॉलेजचं पत्र मागितलं आहे, इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे म्हणून. आमच्याकडे आठव्या सेमला 'प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप' असं आहे. विभागप्रमुख म्हणाले, "काय पाहिजे ते टाइप करून आण, सही-शिक्का मारतो." काय टाइप करू? आणि हजारात भागतं का? बाबा एसटीत मेकॅनिक आहेत, दर महिन्याला घरून पैसे मागवणं जमणार नाही.

खापरी_लोकल

इथंच नागपुरात, मिहानच्या कंपन्यांच्या पट्ट्यात टीसीएस आहे, एचसीएल आहे. सकाळी तर्री-पोहा खाऊन निघायचं, खापरीपर्यंत मेट्रो, रात्री घरचं जेवण. सहा महिने थंडीत भांडी घासायला बर्लिनला कशाला जातोस बाप्पा?

त्रिमूर्तीनगरची_मी

खापरीवाल्या काकांचं मनावर घेऊ नको, पण बाबांचा तो गुणाकारही जरा बाजूला ठेव. मी शेवटच्या सेमला बर्लिनमध्येच होते, आता पुण्यात नोकरी करते. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पत्राचं, कारण तुझ्या प्रश्नातली खरी गोष्ट तीच आहे. जर्मनीत किमान वेतनाचा कायदा आहे. १ जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची असली की तो लागू होत नाही, मग कंपनी हजार देवो, पाचशे देवो, नाहीतर नुसता चहा पाजो. ऐच्छिक असली आणि तीन महिन्यांच्या आत संपली, तरी लागू होत नाही. पण ऐच्छिक असून तीन महिन्यांच्या वर ठरली, की पहिल्या दिवसापासून पूर्ण किमान वेतन. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचे २४०० युरोच्या आसपास होतात, कर कापायच्या आधी. म्हणजे तुझ्या सरांच्या एका सहीवर महिन्याला चौदाशे युरो इकडचे तिकडे होऊन राहिले. आता कळलं पत्र काऊन पाहिजे ते?

कंपनी लबाड आहे असं मी म्हणत नाही. छोट्या कंपनीला इंटर्नवर चोवीसशे परवडत नाहीत, आणि हे पत्र मागणं तिथं रोजचंच आहे. पण 'तूच टाइप करून आण' ही आपल्याकडची सोय तिथं अंगाशी येऊ शकते. जर्मनीबाहेरच्या विद्यापीठात शिकणाऱ्याच्या अशा इंटर्नशिपला तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते. किमान चार सेमिस्टर झालेली हवीत, काम तुझ्या विषयातलं हवं आणि मुदत जास्तीत जास्त १२ महिने. तुझे कागद तिथं कुणीतरी खरोखर वाचणार आहे. तेव्हा पत्रात आहे तेच लिही: आठव्या सेमला प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप, दोन्हींपैकी एक पूर्ण केल्याशिवाय पदवी नाही, या विद्यार्थ्यानं इंटर्नशिप निवडली आहे, तिला इतके क्रेडिट आहेत. सोबत अभ्यासक्रमाचं ते पान शिक्का मारून जोड. मग कंपनीच्या एचआरला सरळ विचार, हे तुम्ही सक्तीचं धरता की ऐच्छिक? ठरवणं त्यांचं काम आहे. 'सक्तीची' असा शब्द तू आपल्या हातानं घुसडू नको. त्यात कागद खोटा ठरण्याची भीती तुला, आणि पैसे वाचणार त्यांचे!

हजारात भागतं का? भागतं, उरत नाही. बर्लिनमध्ये वाटून घेतलेल्या घरातली एक खोली सहाशे-सातशेला सहज जाते. जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे दिसतील, एक नुसत्या खोलीचा आणि एक हीटिंग-पाण्यासकट. नेहमी दुसरा बघायचा. राहिलेल्या तीनशेत पोळी-भाजी घरी केलीस तर चालतं, बाहेर खाल्लंस तर वीस तारखेला खिसा रिकामा. म्हणून आत्ताच बाराशे मागून बघ. नाही म्हणतील, त्यापलीकडे काय होणार आहे?

आणि खोली घेताना पहिला प्रश्न भाड्याचा नाही, पत्त्याच्या नोंदणीचा विचारायचा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाचा सही केलेला फॉर्म लागतो. 'खोली स्वस्त आहे, पण नोंदणी होणार नाही' म्हणणारे खूप भेटतील. ती खोली फुकट मिळाली तरी नको. नोंदणी झाली की कर क्रमांक पोस्टानं येतो, आणि तो नसेल तर कंपनी सर्वांत वरच्या दरानं कर कापू शकते.

पोस्टाची एक गंमत सांगते. तिथं फ्लॅटना बहुधा नंबरच नसतात. खाली लेटरबॉक्सवर आडनावाची चिठ्ठी असते, पोस्टमन ती वाचून पत्र टाकतो, नाव नसलं की पत्र परत. माझं आडनाव त्या बोटभर पट्टीवर मावेना. माझ्या खोलीवालीनं डॉक्टरकडच्या चिकटपट्टीवर बॉलपेननं बारीक अक्षरात लिहून आपल्या नावाखाली लावलं, शेवटचं अक्षर तरी पट्टीबाहेरच लोंबत होतं. पहिल्याच दिवशी हे काम उरकून घे. तिकडे बँकेपासून विम्यापर्यंत सगळे अजून कागदी पत्रंच पाठवतात.

कामाचं फार सांगत नाही, ते तुला जमेल. आपल्याकडे बॉस निघेपर्यंत बसून राहणाऱ्याला मेहनती म्हणतात. तिथं सहा वाजून गेल्यावरही मी खुर्चीत दिसले की माझा मेंटर येऊन विचारायचा, "काही अडलंय का?" मला आधी वाटायचं चौकशी करतो आहे. नंतर लक्षात आलं, त्याला खरंच काळजी वाटायची, की काम वाटून देण्यात त्याचंच काही चुकलं का.

रिपोर्टचं मात्र पहिल्याच आठवड्यात लेखी ठरवून घे. कंपनीचा कोड आणि आकृत्या कॉलेजच्या रिपोर्टात टाकायला परवानगी लागते. माझ्या रिपोर्टातल्या डेटाबेसच्या आकृत्या त्यांनी काढायला लावल्या, आणि इथं व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "आकृती कुठं आहे?" कंपनीची परवानगीची ईमेल छापून जोडली होती म्हणून निभावलं.

महाल_बाबा

ताईंनी छान लिहिलं आहे. बापाच्या बाजूनं थोडं सांगतो, माझी मुलगी म्युनिकला होती. पगार महिन्याच्या शेवटी येतो, पण डिपॉझिट आणि पहिलं भाडं आधीच द्यावं लागतं. कायद्यानं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येतं. म्हणजे जाताना दोन-अडीच हजार युरोची सोय हाताशी हवी. तुमच्या बाबांना लाखाचा आकडा सांगितलात, तसा हाही आजच सांगा. आणि घर न दाखवता आधी पैसे मागणाऱ्याला दमडीही पाठवू नका. आमच्याकडे एकानं 'मी लंडनला असतो, किल्ली कुरिअरनं पाठवतो' असं लिहिलं होतं. मुलगी हसली, मी मात्र बँकेत निघायच्या तयारीत होतो.

मानेवाडा_बॅकएंड

ताई, काका, मनापासून आभार. सरांना अभ्यासक्रमाचं पान दाखवलं, ते म्हणाले असंच लिहू, उलट बरं झालं. एचआरचं उत्तर आलं: पान बघून त्यांच्या सल्लागाराला विचारतो, सक्तीची धरता आली नाही तर तीन महिन्यांची करू. बाराशेचं अजून बोलले नाहीत. तीन महिन्यांची झाली तर कॉलेजला चालेल का, हे आता मला बघावं लागेल. व्हिसाला मुंबईला जावंच लागतं का? आणि आई विचारून राहिली, कुकर आणि संत्रा बर्फी नेता येते का?

त्रिमूर्तीनगरची_मी

तीन महिन्यांना कॉलेज नाही म्हणालं तर उरलेल्या वेळात इथंच गाइडच्या हाताखाली छोटा प्रोजेक्ट जोडता येतो का विचार. आमच्या बॅचला तसं करू दिलं होतं. करार किती महिन्यांचा ते ठरल्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरू नको, नाहीतर कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळणार नाहीत.

अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. पण बोटांचे ठसे द्यायला आणि मूळ कागद दाखवायला मी मुंबईला गेले होते. दुरांतोनं रात्री निघालं की सकाळी पोहोचतो. अपॉइंटमेंट दुपारची घे, गाडी उशिरा आली तरी जीव टांगणीला लागत नाही.

कुकर ने, पण तळ इंडक्शनवर चालणारा आहे का ते सीताबर्डीत घेतानाच बघ, तिकडच्या बऱ्याच स्वयंपाकघरांत गॅस नसतो. लॅपटॉपची आपली तीन पिनांची वायर तिथं बसत नाही, अडॅप्टर इथूनच घे. बर्फी मात्र नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, खव्याची बर्फी, पेढे, तूप सगळं त्यात आलं. काकूंना म्हणावं, सावजी मसाला आणि तिखट भरपूर बांधून द्या, आणि बर्फी निघायच्या आदल्या रात्री इथंच खाऊ घाला.