तेरेखोलच्या किल्ल्यात हॉटेल असावे का?

दुर्गमित्र: काल एका सदस्याने लिहिले, 'किल्ल्यांची हॉटेले करा, नाहीतर ते ढासळताना पाहत बसा, तिसरा मार्ग नाही.' दाखला अर्थातच राजस्थानातल्या नीमराण्याचा होता. तो 1464चा किल्ला 1986 साली पडक्या अवस्थेत विकत घेतला गेला आणि 1991 साली तिथे पाहुणे येऊ लागले, हे मान्य आहे. पण ते एका घराण्याचे राहते ठिकाण होते. गोव्याच्या उत्तर टोकाचा तेरेखोल सावंतवाडीकरांनी बांधला, 1746 साली पोर्तुगीजांनी घेतला आणि 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला. त्याच तटाच्या आत आठवड्याच्या वारांची नावे दिलेल्या खोल्या भाड्याने मिळाव्यात, हे मला पटत नाही.

भटक्या: मग डागडुजीचा खर्च कोण करणार, हेही लिहा. 2019 साली महाराष्ट्रातील 25 किल्ले भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली तेव्हा आपण सारे संतापलो. तो संताप योग्यच होता, परंतु तटांत रुजलेले पिंपळ त्याने उपटले गेले नाहीत. सासवडजवळची पिलाजी जाधवरावांची 1710ची गढी आज नांदती आहे, ती तिथे हॉटेल चालते म्हणूनच.

जुना चुना: आपण दोघेही पैशांविषयी बोलत आहात, डागडुजी कशाने होते याविषयी कोणीच बोलत नाही. वाईला आमच्या वाड्याच्या भिंतींना ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा केला. आतली ओल बाहेर पडेना, तुळयांची भिंतीतली टोके कुजली आणि माजघरावरचा कडीपाट खाली आला. घाणीत मळलेला चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवते. जांभ्याच्या बांधकामालाही हेच लागू आहे.

भटक्या: विषय किल्ल्यांचा आहे, आपल्या वाड्याचा नाही. शिवाय वाड्याला उत्पन्न असते तर आपण चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणला असता, म्हणजे आपले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

जुना चुना: आजोबांच्या घराची पडझड आपल्या युक्तिवादासाठी वापरू नका. त्या ठेकेदाराला आम्ही चुन्याच्या कामाइतकेच पैसे मोजले होते. पैसा होता, जाणकार नव्हता. हॉटेल म्हटले की प्रत्येक खोलीला न्हाणीघर हवे, त्यासाठी जुन्या भिंती फोडून नळ न्यावे लागतात, आणि एक सांधा गळू लागला की ते पाणी वर्षानुवर्षे भिंतीच्या पोटात मुरत राहते. नळ कुठून न्यायचे आणि गिलावा कशाचा करायचा हे करारात लिहिलेले नसेल, तर हॉटेलच्या उत्पन्नातूनच वास्तू मरते.

वाडीची लेक: आमच्या सावंतवाडीच्या राजवाड्यातही पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, पण राजघराणे तिथेच राहते आणि दरबारात आजही गंजिफाचे पत्ते रंगवले जातात. घर आपले असेल तर भिंतीला हात लावण्यापूर्वी माणूस दहादा विचार करतो. भाडेपट्टा घेणाऱ्याची नजर मुदतीवर असते. मुलाला घेऊन मी तेरेखोलला गेले होते. खोली घेतली नव्हती, म्हणून आत जाताना चोरट्यासारखे वाटले. सत्याग्रहींची गोष्ट मी त्याला तटाबाहेर उभी राहून सांगितली.

दुर्गमित्र: राजवाड्यांपुरते आपले म्हणणे मान्य करतो. उदयपूरच्या महाराणांनी संस्थानिकांचे तनखे बंद होण्याच्या आठ वर्षे आधी, 1963 सालीच तलावातल्या महालाचे हॉटेल केले, ती दूरदृष्टीच होती. पण तिसरा मार्ग नाही, हे खोटे आहे. गोव्यातलाच मांडवीकाठचा रेईश मागूश किल्ला दुरुस्त होऊन 2012 साली लोकांसाठी खुला झाला. तिथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रे पाहता येतात, आणि कोणालाही खोली घ्यावी लागत नाही.

भटक्या: त्या कामामागे हेलन हॅमलिन न्यासाचा पैसा होता, असा दाता प्रत्येक किल्ल्याला मिळणार नाही. तरीही तेरेखोलपुरते एवढे मान्य करतो की, तटावर आणि किल्ल्यातल्या चर्चपर्यंत दिवसा सर्वांना मुक्त प्रवेश ही भाडेपट्ट्यातली अट हवी, आणि ती मोडली तर पट्टा रद्द व्हावा.

जुना चुना: त्याच करारात चुन्याचेही कलम घाला.