काचेकडे बघा, साल कळेल

इथे कुणीतरी टाकलेल्या जुन्या फोटोतली शेव्हरोलेट पिकअप (मागे उघडा हौदा असलेली गाडी) १९४७ची की १९५४ची, यावर बरीच चर्चा झालीय. माझं मत: पुढच्या काचेकडे बघा. मधोमध दांडी आहे, म्हणजे काच दोन तुकड्यांची. १९५४ला अखंड काच आली आणि जाळीही बदलली. आता दाराची मूठ. ती खाली वळवायची आहे. बटण दाबायची मूठ १९५२पासून. आणि दाराला छोटी तिकोनी काचही दिसत नाही, ती १९५१ला आली. तेव्हा गाडी १९४७ ते १९५० मधली, पैज लावतो. (दार नंतर बदललं असेल तर मात्र पैज रद्द!)

गाडी शिवडीत जोडलेली असू शकते. शेव्हरोलेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९२८ला सुरू झाला आणि १९५४ला बंद पडला. तसे मला कारखान्यांचे जुने फोटो गाड्यांपेक्षाही आवडतात. लोक चकाकणारं बॉनेट बघतात, मी मागे उभ्या माणसांच्या टोप्या आणि हातातले पाने बघत बसतो.

कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे अशीच एक पिकअप पाहिली होती. फाळका गायब, पण हौद्यातल्या लाकडी फळ्या आणि त्यांच्या मधल्या लोखंडी पट्ट्या जागच्या जागी. पट्टीवरून बोट फिरवलं तर गंजाखाली ती गुळगुळीत लागली, इतकी वर्षं माल सरकवून झिजलेली. मालक म्हणाला, "साहेब, वजनावर देतो." घेतली नाही, अजून चुटपुट लागते.

मूळ फोटो मोठ्या आकारात असेल तर टाका, पाटीवरचा नंबर वाचता येतो का बघू.