सापेक्षता शिकवायची आहे, पण नेहमीच्या वाटेने नाही. काही सुचवा

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मुक्काम अंमळनेर. सुटीत अकरावी-बारावीची सात-आठ पोरं ऊन उतरलं की आमच्या गच्चीवर जमतात. परीक्षेसाठी नाही, हौस म्हणून. यंदा पुन्हा विशिष्ट सापेक्षता घ्यायची आहे.

गेल्या वर्षी पुस्तकी वाटेने गेलो. आइन्स्टाइनची १९०५ ची दोन गृहीतकं (एकसमान वेगाने जाणाऱ्या सगळ्यांना निसर्गाचे नियम सारखे, आणि प्रकाशाचा वेगही सारखाच), प्रकाशाचं घड्याळ, मग लॉरेंट्झ रूपांतरण, म्हणजे एकाची काळ-अंतराची मापं दुसऱ्याच्या मापांत बदलायची सूत्रं. पहिल्याच पायरीवर एका मुलीने अडवलं, "सर, बाकी सगळ्यांचा वेग बघणाऱ्यावर ठरतो, मग प्रकाशालाच एवढा मान का?" मी १८८७ च्या मायकेलसन-मोर्ले प्रयोगाचं (प्रकाशाच्या वेगात दिशेनुसार फरक सापडला नाही, तो) नाव घेऊन वेळ मारून नेली. तिला पटलं नाही. खरं तर मलाही. गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे, पण मला तत्त्वज्ञान नको, गणित हवंय. तेही बारावीच्या आतलं. कोणी दुसऱ्या वाटेने शिकवलंय का?

शेवभाजी_जळगाव
हर्मान बोंडींची के-गुणकाची पद्धत घ्या, डोळे मिटून. (हेच ते बोंडी, हॉइल आणि गोल्ड यांच्या जोडीने १९४८ साली स्थिर-स्थिती विश्व मांडणारे. आणि हॉइल म्हणजे आपल्या नारळीकरांचे गुरू.) रूपांतरणाची सूत्रं शेवटी येतात, आधी नुसते मिस कॉल.

दोघी बहिणी. थोरली गच्चीवर, धाकटी यानात. निघताना दोघींची घड्याळं शून्यावर. थोरली दर मिनिटाला मिस कॉल देते (तो प्रकाशाच्या वेगाने जातो), धाकटीला तो दर 'के' मिनिटांनी पोचतो. दोघींत खास कोणीच नाही, म्हणून उलट दिशेलाही तोच के. आता के = २ घ्या. थोरलीने १० व्या मिनिटाला दिलेला कॉल धाकटीच्या घड्याळात २० ला पोचला. तिने लगेच उत्तर दिलं, ते थोरलीला ४० ला मिळालं. थोरली म्हणते, जायला-यायला सारखाच वेळ, म्हणजे कॉल पोचला १० आणि ४० च्या मधोमध, २५ ला. अंतर १५ प्रकाश-मिनिटं. वेग १५ भागिले २५, म्हणजे प्रकाशाच्या ०.६ पट. आणि धाकटीचं घड्याळ त्या क्षणी २० दाखवतंय! काळ मंदावला, वर्गमूळ न काढता.

पुढची गंमत: धाकटी २० ला उलटी फिरली, तिच्या ४० ला घरी आली. तिने एकूण ४० कॉल दिले. थोरलीला पहिले २० दोन-दोन मिनिटांनी आले, म्हणजे ४० मिनिटं. उरलेले २०, जवळ येताना के उलटा होतो म्हणून, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने, १० मिनिटं. एकूण ५०. उलटं मोजा: धाकटीला जाताना १० कॉल, येताना ४०, तेही ५०. जुळ्यांचा विरोधाभास (प्रवास करून आलेलं जुळं घरी राहिलेल्यापेक्षा तरुण कसं?) म्हणून जे भूत दाखवतात, ते पोरं बोटांवर मोजून उतरवतात.

धुळेकर_भो
भो, पद्धत झकास, पण त्या पोरीचा प्रश्न तसाच राहिला ना! "जायला-यायला सारखाच वेळ" म्हणालात तिथेच प्रकाशाचं गृहीतक मागच्या दाराने आत आलं.

तिला इग्नातोव्स्की या भौतिकशास्त्रज्ञाची १९१० ची मांडणी द्या. त्यांनी प्रकाशाचं नावच काढलं नाही. अवकाश सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखं, आज मोजा की उद्या, नियम तेच, आणि एकसमान वेगाने जाणाऱ्यांत कोणी मानकरी नाही. एवढ्यावर रूपांतरणाचा साचा ठरतो, फक्त एक स्थिरांक मोकळा राहतो. यू आणि व्ही हे वेग जोडायचे तर बेरजेला (१ + के × यू × व्ही) ने भागायचं (हा के वेगळा हं, बोंडींचा नाही). के शून्य असेल तर आपली साधी बेरीज, गॅलिलिओची. ऋण असेल तर दोन पुढचे वेग मिळून मागचा वेग निघू शकतो, म्हणून तो बाद. धन असेल तर एक कमाल वेग आपोआप येतो. म्हणजे मान प्रकाशाला नाहीच, मान त्या वेगाला. वस्तुमान नाही म्हणून प्रकाश त्या वेगाने धावतो, एवढंच.

केळीबाग
सगळं खरं, पण के शून्य नाही हे कागदावर कसं ठरवणार? तिथे प्रयोगच लागतो. बर्टोझींनी १९६४ साली इलेक्ट्रॉनला १५ एमईव्हीपर्यंत (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) ऊर्जा देऊन वेग मोजला. न्यूटनच्या हिशेबाने तो प्रकाशाच्या साडेसात पटीवर जायला हवा होता. गेला नाही, कमाल वेगाच्या जवळ जाऊन टेकला. आलेखावरच्या दोन रेघा पोरांना दाखवा, बोलावं लागणार नाही.

म्युऑनही घ्या, म्हणजे वातावरणात वर तयार होऊन खाली येणारे, इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे जेमतेम ६६० मीटरचा पल्ला. १९६३ साली फ्रिश आणि स्मिथ यांनी सुमारे १,९०० मीटर उंच डोंगरावर तासाला साडेपाचशेच्या वर म्युऑन मोजले. काळ मंदावत नसता तर समुद्रसपाटीला २७ च्या आसपास उरायला हवे होते. सापडले चारशेच्या घरात.

मी असतो तर व्युत्पत्ती नंतर, हे आधी.

शेवभाजी_जळगाव
@धुळेकर, मान्य. पण बेरजेसाठी बोंडीच सोपे: के चा नुसता गुणाकार. ०.६ आणि ०.६ जोडायचे तर २ गुणिले २ = ४, वेग १५/१७. तुमच्या सूत्रात ताडून बघा, तेच येतं.

बोरीकाठ
मंडळी, चार संध्याकाळी गेल्या. मिस कॉल शेंगदाणे मांडून मोजले. ५० चे ४३ भरले, कारण मोजणारे खात होते. दुसऱ्या दिवशी ज्वारी आणली. मग इग्नातोव्स्की. पूर्ण बीजगणित दोनच पोरांनी शेवटास नेलं, बाकीच्यांना मी वेगांच्या बेरजेचं सूत्रच दिलं आणि के बदलून बघायला सांगितलं. धुळेकर, ऋण के वर सगळ्यात जास्त दंगा झाला.

त्या मुलीचा नवा प्रश्न: "गाडीच्या भोंग्यालाही दोन्हीकडून एकच के लागेल का?" मी नाही म्हणालो. तिथे हवा मध्ये आहे, त्यामुळे गाडी धावते की ऐकणारा, याने उत्तर बदलतं. आता सगळ्यांना ते स्टेशनवर जाऊन ऐकायचंय.

धुळेकर_भो
कानाला कळणार नाही. गाडी सेकंदाला ३० मीटरने आली तरी दोन्ही उत्तरांत एक टक्क्याचाही फरक नाही. मोबाइलवर भोंगा रेकॉर्ड करा, वारंवारिता मोजायचं ॲप घ्या. आणि तुम्ही उभे, गाडी पळती, हा एकच प्रकार जमेल. दुसऱ्यासाठी पोरांना गाडीत बसवून भोंगा फलाटावर ठेवावा लागेल.

केळीबाग
आठ प्लॅटफॉर्म तिकिटं काढा आधी.