छोट्या करमणुकीच्या बोटी चालवणाऱ्याला लायसन्स हवं का? (हिडकल, कृष्णाकाठ)

घटप्रभाकाठ, हुक्केरी

नमस्कार मंडळी. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या फुगवट्यावर पर्यटकांसाठी बोटिंग सुरू करायचा विचार आहे. 14 फूट लांब, 5 फूट रुंद अशा फायबरच्या दोन बोटी, त्यांना 9.9 हॉर्सपॉवरची आउटबोर्ड इंजिनं, आणि काठालगत चार पायडल बोटी. जमलं तर पुढं जुगूळ-खिद्रापूरला (अलीकडं जुगूळ कर्नाटकात, पलीकडं खिद्रापूर महाराष्ट्रात) कृष्णेत एक बोट ठेवायची.

विचारलं त्या प्रत्येकानं वेगळं सांगितलं. कोण म्हणतं पंचायतीचा ठराव पुरे, कोण म्हणतं कारवारला जाऊन या. म्हणून इथं विचारतो. बोटीची नोंदणी झाली की भागतं, की चालवणाऱ्यालाही वेगळं लायसन्स लागतं? पायडल बोटीलाही तोच नियम का? खिद्रापूरच्या काठाला बोट लावली की महाराष्ट्राचा परवाना वेगळा काढायचा का? आणि मुळात एवढ्या छोट्या बोटींना हे सगळं असावं असं तुम्हाला वाटतं का? सायकलला कुठं लायसन्स असतं, असा माझ्या भागीदाराचा मुद्दा आहे.

नोंदवही, बेळगाव

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. 1917 चा जुना अंतर्देशीय जलयान कायदा जाऊन त्याजागी 2021 चा नवा कायदा आला आणि जून 2022 पासून लागू झाला. नद्या, तलाव, धरणांचा फुगवटा, सगळं त्यात येतं. बोट इंजिनावर चालते की नाही, ही त्यातली मोठी विभागणी आहे. 9.9 हॉर्सपॉवर म्हणजे इंजिनची बोट, विषय संपला. तिला नोंदणी लागते, सर्व्हेचं, म्हणजे बोट तपासल्याचं प्रमाणपत्र लागतं, विमा लागतो, आणि चालवणाऱ्याकडं सक्षमतेचं प्रमाणपत्र, म्हणजे तुम्ही म्हणता ते लायसन्स लागतं. नोंदणी बोटीची असते आणि सक्षमता माणसाची. एक झालं म्हणून दुसरं सोडता येत नाही.

पायडल बोट, वल्ह्याची होडी, डोण यांच्यासाठी त्याच कायद्यात वेगळं प्रकरण आहे. त्यांची ओळख आणि नोंद कशी ठेवायची हे राज्य सरकारनं ठरवायचं, आणि ते काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडं सोपवता येतं. म्हणजे पायडल बोटीपुरतं पंचायतीचं नाव घेणारे अगदीच चुकीचे नाहीत, पण तोच ठराव इंजिनच्या बोटीला पुरत नाही.

जुगूळ-खिद्रापूरबद्दल. आपल्या सीमाभागासाठी या कायद्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. एका राज्यानं दिलेली नोंदणी आणि प्रमाणपत्रं दुसऱ्या राज्यात ग्राह्य धरायची, हा नव्या कायद्याचा एक मुख्य हेतू आहे. तेव्हा कागद दोनदा काढायला नकोत. पण काठावर उतरायची जागा, धक्का, तिकिटाचा ठेका हे ज्या त्या गावचं. त्यासाठी पलीकडच्या ग्रामपंचायतीशी बोलावंच लागेल.

आता क्रम, कारण पैसे अडकतात ते क्रम चुकल्यानं. आधी पाण्याच्या मालकाची संमती घ्या. हिडकलचं पाणी कर्नाटक नीरावरी निगमचं आहे. धरणाच्या भिंतीपासून आणि दरवाज्यांपासून किती लांब राहायचं ते त्या पत्रात लिहून घ्या. मग बोट ठरवा, पण आगाऊ पैसे देण्याआधी बनवणाऱ्याकडून बोटीचा नकाशा, बांधणीचं प्रमाणपत्र आणि किती माणसं, किती किलो याचा लेखी आकडा मागा. आपल्याकडं पाण्याच्या टाक्या बनवणारेही बोटी ओतून देतात आणि नकाशा देत नाहीत. अशा बोटीचा सर्व्हे अडला की ती शेडमध्येच पडून राहते. इंजिनच्या बिलावर सीरियल नंबर हवाच. त्यानंतर बंदरे व अंतर्देशीय जलवाहतूक खात्याकडं अर्ज. त्याचं मुख्य कार्यालय कारवारला आहे, तेव्हा कारवारचा सल्ला देणारा बरोबर होता. हुक्केरी-चिकोडीच्या माणसाला एवढ्यासाठी घाट उतरावा लागू नये, सर्व्हेचा कॅम्प बेळगावात लागायला हवा. ही मागणी सगळ्यांनी मिळून करण्यासारखी आहे.

आणखी एक. 9.9 वर कागद करून नंतर 25 चं इंजिन लावायचं, असं करू नका. प्रमाणपत्रावरची बोट आणि पाण्यातली बोट वेगळी निघाली की विमा कंपनीला दावा नाकारायला तेवढंच पुरतं.

वल्हं

नोंदवहींनी सांगितलेला कायदा बरोबर आहे, पण लायसन्सनं जीव वाचतो हे मला पटत नाही. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तिथं रीतसर ठेका होता. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेट मोजक्यांच्याच अंगावर होती. आपल्या शेजारी ब्रह्मनाळला ऑगस्ट 2019 च्या पुरात नाव उलटली, तिथंही माणसं जास्तच भरली होती. बोट बुडते ती भारानं. म्हणून परवान्याच्या आधी भाराची रेघ आली पाहिजे.

तुमच्याच बोटीचा हिशेब करू. 20 फुटांखालच्या साध्या बोटीला लांबी गुणिले रुंदी, फुटात, भागिले 15, असा ढोबळ नियम वापरतात. 14 गुणिले 5 म्हणजे 70, भागिले 15 म्हणजे 4.67. वरचा अपूर्णांक सोडून द्या. 4 माणसं, आणि चालवणारा त्यातच धरायचा. म्हणजे पर्यटक तीनच. बनवणाऱ्यानं "आरामात आठ बसतात" म्हटलं तर ते बाकड्यांचं माप आहे, बोटीचं नव्हे. त्याच्या लेखी आकड्यात आणि या हिशेबात जो कमी, तो धरा.

रेघ अशी मारा. माणशी 75 किलो धरून चौघांचे 300 किलो. वाळूची पोती वजन करून माणसं जिथं बसतात तिथंच ठेवा, इंजिन आणि भरलेली पेट्रोल टाकी जागेवर असू द्या. बोट स्थिर झाली की पाण्याच्या पातळीला बाहेरून दोन्ही बाजूंना आणि मागं खूण करा, आणि तिथं दोन इंच रुंद पांढरा पट्टा रंगवा. पट्टा पाण्याखाली गेला की बोट सुटायची नाही, हे काठावरच्या चहावाल्यालाही कळतं. पट्ट्यापासून बोटीच्या काठापर्यंत किमान 30 सेंटिमीटर कोरडं राहिलं पाहिजे. मागच्या फळीला जास्त बघा. तिथं इंजिनासाठी खाच असते आणि पाणी पहिलं तिथूनच आत येतं.

मग सगळी पोती एका बाजूला सरकवा. फोटोसाठी सगळे एका कडेला जातात तेव्हा नेमकं हेच होतं. काठ पाण्याला टेकायला आला तर माणूस कमी करा.

तळातल्या पाण्याला कुणी मोजत नाही. साडेतीन मीटर लांब, 1.2 मीटर रुंद तळावर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे 210 लिटर, म्हणजे न दिसणारी तीन माणसं. शिवाय ती बसून राहत नाहीत. बोट डावीकडं कलली की पाणीही डावीकडं धावतं आणि कल वाढवतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर तळ कोरडा करा.

चोर्लाघाट

वल्हंजी, भाराची रेघ शंभर टक्के मान्य. पण रेघ पाण्याखाली गेल्यावर "आता नाही" म्हणणारा माणूस कुठून आणणार? त्याच्या हातात जाण्यासारखं काहीतरी असेल, म्हणजे प्रमाणपत्र रद्द होईल ही धास्ती असेल, तरच तो मालकाला आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणेल. रविवारी काठावर गर्दी असताना मालकाचा फोन येतो, "घे की अजून दोघं." त्यावेळी पगारी पोराच्या बाजूनं उभा राहणारा तो एकच कागद असतो. म्हणून लायसन्स हवंच, आणि ते चालवणाऱ्याच्या नावानं हवं.

फक्त सगळ्यांना एकच नको. जर्मनीत 15 हॉर्सपॉवरच्या वर लायसन्स लागतं, फ्रान्समध्ये 6 च्या वर. कॅनडात 2009 पासून मोटर असलेली कुठलीही करमणुकीची बोट चालवायला कार्ड लागतं. पण हे आकडे स्वतःची बोट स्वतःसाठी चालवणाऱ्यांचे. भाडं घेऊन अनोळखी माणसं बसवली की हॉर्सपॉवर कितीही असो, परीक्षा झालीच पाहिजे. स्वतःच्या डोणीतून जाळी टाकणाऱ्याला मात्र यात ओढू नये. पुरात काहिलीतून (गुळाच्या मोठ्या कढईतून) माणसं काढणाऱ्यांना तर नाहीच नाही. तिथं पंचायतीनं वहीत नाव लिहावं आणि जॅकेटं द्यावीत.

परीक्षेत काय असावं? लेखी पेपर कमी आणि पाण्यावरचं काम जास्त. माणूस पाण्यात पडला तर इंजिन न्यूट्रलला टाकून वाऱ्याखालून (वारा जिकडं जातो त्या बाजूनं) त्याच्याकडं जाणं आणि पुढच्या बाजूनं वर घेणं. इंजिन बंद पडल्यावर वल्ह्यावर काठ गाठणं. नांगर टाकणं, दोराची लांबी खोलीच्या पाचपट तरी. आणि आकाश वाचणं.

हे शेवटचं हिडकलसाठी फार महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर वळीव चढतो. फुगवट्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं, लांब मोकळ्या पाण्यावरून तो येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत लाट उभी करतो. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात बोट उलटून 6 जण गेले. ढग काळे झाले, थंड वारा अंगाला लागला की बोटी काठाला, शिट्टी मारून सगळ्या. मध्येच सापडलात तर लाटेला आडवं होऊ नका, नाक थोडं तिरकं लाटेवर ठेवून हळू चालवा आणि सगळ्यांना तळाशी बसवा.

त्याच महिन्यांत पाणी उतरतं. जुन्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर यायला लागलं की पडक्या भिंती, बांध, झाडांची खोडं पाण्याखाली हातभरावर असतात. मार्ग दर आठवड्याला काठीनं मोजून ड्रमचे तरंगते खुणेचे डबे हलवावे लागतात.

शिकायचं असेल तर पणजीला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. पॉवरबोट चालवणं आणि जीवरक्षक, असे दोन्ही कोर्स तिथं होतात. चालवणाऱ्या पोरांना आधी तिकडं पाठवा, मग बोटी आणा.

आउटबोर्डमिस्त्री, निपाणी

इंजिनावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी ती लाल गुंडाळीची दोरी, चालवणाऱ्याच्या गुडघ्याला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. हँडलला गुंडाळून ठेवतात, ते बंद करा. चालवणारा पडला आणि इंजिन चालू राहिलं तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, पंखा फिरत असतो.

टू-स्ट्रोक घेणार असाल तर ऑइल टीसी-डब्ल्यू3 ग्रेडचं. मोटारसायकलचं टू-टी चालत नाही. ते हवेनं थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख प्लगवर बसते आणि भर पाण्यात इंजिन मरतं. साधारण 50 ला 1, लिटरला 20 मिली. नवीन असताना 25 ला 1, लिटरला 40. तरी आपल्या इंजिनाचं पुस्तक बघून घ्या. फोर-स्ट्रोकला ही भानगड नाही, पण ते जवळजवळ 40 किलो भरतं, मागच्या फळीवर भार येतो. जुनी फायबर बोट घेत असाल तर त्या फळीवर नाण्यानं टकटक करा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतलं लाकूड कुजलंय.

इंजिन चालू असताना त्याला थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून पडते, ती दर फेरीला बघा. धार बारीक झाली की थांबा. गाळात किंवा वाळूत चालवलं की पंपाचा रबरी इम्पेलर झिजतो, कोरडं चालवलं तर काही सेकंदांत जळतो. वर्षाला एक बदला, कृष्णेत गढूळ पाणी असतं तिथं त्याआधीच. एक इम्पेलर आणि प्लगची जोडी बोटीवर ठेवा.

कृष्णेत आणि पंचगंगेत केंदाळ (जलपर्णी). पंख्यात अडकलं की लोक रेस देतात, त्यानं ते आणखी घट्ट आवळतं. थोडं रिव्हर्स मारा, नाही सुटलं तर इंजिन बंद, किल कॉर्डची क्लिप काढून खिशात, मग वर उचलून हातानं काढा. कोयता जवळ हवा.

बोट बुडू नये म्हणून बाकाखाली थर्माकोल भरतात. पेट्रोल सांडलं की थर्माकोल विरघळतो. बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम वापरा.

घटप्रभाकाठ, हुक्केरी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनच पर्यटक म्हटल्यावर तिकिटाचा हिशेब बदलतो, पण बदलू दे. बोटी 16 फुटी बघतो. भागीदारालाही हे वाचायला दिलंय. जॅकेटं कोणती घ्यावीत? बाजारात 400 ला पण मिळतात.

वल्हं

400 ची नकोत. जॅकेटवर न्यूटनचा, म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा छापलेला असतो. 50 हा पोहता येणाऱ्यांसाठी काठाजवळ. तुमचे पर्यटक पोहणारे नसणार, म्हणून 100 च्या खाली जाऊ नका, आणि मानेमागं कॉलर असलेलं घ्या म्हणजे तोंड पाण्यावर राहतं. मुलांची मापं वेगळी, वजनाप्रमाणं. मोठ्याचं जॅकेट घट्ट बांधून मुलाला घालू नका, ते डोक्यावरून निघून जातं, म्हणून मांडीतला पट्टा हवाच. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे.

माल आला की प्रत्येक लॉटमधलं एक जॅकेट रात्रभर पाण्यात दाबून ठेवा आणि सकाळी त्याला 10 किलोचं लोखंडी माप बांधून सोडा. 100 चं असेल तर ते मापासकट तरंगलं पाहिजे. बुडालं तर अख्खा लॉट परत. दगड बांधू नका, दगडाचं वजन पाण्यात लोखंडापेक्षा पुष्कळ कमी भरतं आणि वाईट जॅकेटही पास होतं. आणि पोरांना जॅकेटवर बसू देऊ नका, फोम दबला की तरंगणं गेलं.