एलएसयूचा २०१९ चा ऑफेन्स (आक्रमण): श्रेय मास्तरांचं की जो बरोचं?

टेलगेटवाला:
शनिवारी मित्राकडे मॅच बघताना पेटलेला वाद इथे आणतोय. अमेरिकन कॉलेज फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू, ही बॉल घेऊन धावण्यावर जगणारी टीम. जानेवारी २०१२ च्या फायनलमध्ये अलाबामाकडून ०-२१ हार, २०१८ मध्ये घरच्या मैदानावर पुन्हा ०-२९. आणि २०१९ मध्ये हीच टीम मॅचला सरासरी ४८ गुण काढत १५-० अशी, म्हणजे सगळ्या मॅच जिंकून, विजेती! मधे झालं काय? हेड कोच एड ओर्जेरॉनने न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक टीमकडून २९ वर्षांचा सहायक कोच जो ब्रेडी आणला. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून ऑफेन्स चालवणारा खेळाडू, जो बरो आधीपासून होताच. त्याचे टचडाउन पास (बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन सहा गुण देणारे) २०१८ ला १६, पुढच्या वर्षी ६०. पोरगा तोच, मास्तर नवा. अजून काय पुरावा हवा?

बेंचवरून_बघणारा:
बराच हवा. बरो २०१८ च्या उन्हाळ्यात ओहायो स्टेट सोडून आला, टीमशी ओळख होतेय तोवर सीझन सुरू. दुसऱ्या वर्षी तो सुधारणारच होता. त्यात पास पकडायला जामार चेस आणि जस्टिन जेफरसन. हे दोघं असले तर माझी आजीपण ऑफेन्स चालवेल! २०१९ चा टेक्ससविरुद्धचा थर्ड अँड १७ आठव, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि बॉल ताब्यात ठेवायला अजून १७ यार्ड हवे. सहा गुणांची आघाडी, अडीच मिनिटं बाकी, बचाववाले अंगावर आलेले. बरो जरासा सरकला, जेफरसनला पास, ६१ यार्ड, टचडाउन. ते सरकणं कुठल्या मास्तराने शिकवलं?

टेलगेटवाला:
सरकणं त्याचं, कबूल. पण आघाडीवर असताना तिथे पास टाकायची मुभा कोणाची? जुन्या एलएसयूने धावून चार यार्ड काढले असते, घड्याळ खाल्लं असतं आणि पंट मारला असता, म्हणजे लाथेने बॉल लांब समोरच्यांकडे दिला असता. (मीही सोफ्यावरून तेच ओरडत होतो. बायको साक्षीदार आहे.)

जुना_टायगर:
दोघंही स्टीव्ह एन्समिंगरला विसरलात. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्स सांभाळणारा कोच, तो होता, ब्रेडी नव्हे. साठी ओलांडलेला, सत्तरच्या दशकात स्वतः एलएसयूचा क्वार्टरबॅक. पाच जण पास पकडायला पसरवायचे आणि क्वार्टरबॅकशेजारी कोणीच ठेवायचं नाही, ही मांडणी ब्रेडीची. पण मैदानावरच्या बॉक्समध्ये बसून बहुतेक प्ले (चाली) ठरवायचा एन्समिंगर. सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार मात्र एकट्या ब्रेडीला. कालच्या पोराला शेजारी खुर्ची देऊन त्याचं ऐकणारा सीनियर तुमच्या ऑफिसात एक तरी आहे का? माझ्या नाही.

बेंचवरून_बघणारा:
मग २०२० ला काय झालं, काका? एन्समिंगर होता, ओर्जेरॉन होता, निकाल पाच विजय, पाच हार! बरो तेवढा ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला निवडला गेला.

टेलगेटवाला:
'तेवढा'? जेफरसन गेला, चेस त्या वर्षी खेळलाच नाही आणि ब्रेडी एनएफएलच्या कॅरोलायना पँथर्सकडे गेला. सोयीचं तेवढं मोजू नकोस.

बेंचवरून_बघणारा:
आणि पँथर्सनी डिसेंबर २०२१ मध्ये, सीझन चालू असताना, त्याच ब्रेडीच्या हातात नारळ दिला. हे मोजू का?

टेलगेटवाला:
मोज. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जुना_टायगर:
माझ्याकडे आहे. पुढे एनएफएलच्याच बफेलो बिल्समध्ये तोच ब्रेडी कोऑर्डिनेटर असताना त्यांचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन २०२४ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला.

बेंचवरून_बघणारा:
म्हणजे परत तगडा क्वार्टरबॅक मिळाला तेव्हाच ना!