रोम एका दिवसात, विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये: अनुभव धागा

जर्मनी-हॉलंडात शिकणारी आपली बरीच मुलं स्वस्तातलं विमान पकडून एका दिवसासाठी रोम गाठतात. त्यांच्या कामी येईल असं लिहा. नुसतं ‘मस्त शहर, नक्की जा’ नको.

* * *

सुरुवात कोलोसियमपासून, सकाळच्या पहिल्या वेळेला. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. त्यावर नाव असतं, म्हणून ओळखपत्र लागतं. फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि शेजारची पॅलटाइन टेकडी त्याच तिकिटात येतात, पण तिथे प्रवेश एकदाच. भूक लागली म्हणून बाहेर पडलात की संपलं. पाणी, खाऊ आणि टोपी आधीच बरोबर घ्या, सावली फार कमी आहे. काचेची बाटली आणि मोठी सॅक कोलोसियमात सोडत नाहीत, ठेवायची सोयही नाही. सॅक तेर्मिनी स्टेशनवर ठेवून या. फोरममधून कॅपिटोलिन टेकडीच्या अंगाने बाहेर पडलं की पँथिऑन या घुमटाच्या प्राचीन मंदिराकडे जाताना उलटं चालावं लागत नाही.

* * *

सवलतीबद्दल गैरसमज फार आहेत. सरकारी स्थळांचं १८ ते २५ वयाचं २ युरोचं तिकीट युरोपीय संघाच्या *नागरिकांना* आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर युरोपातल्या विद्यापीठाचं कार्ड दाखवूनही उपयोग नाही. चुकून ते काढलं तर दारावर अडवतात. व्हॅटिकन संग्रहालयांचा नियम निराळा: २५ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याला कार्डावर सवलत, देश कुठलाही असो. तिथे महिन्याचा शेवटचा रविवार फुकट असतो, पण दुपारी साडेबारानंतर आत घेत नाहीत आणि रांग भिंतीला वळसा घालून जाते. एकच दिवस हाताशी असेल तर हा फुकटेपणा महागात पडतो. माझ्या मते एका दिवसात कोलोसियम किंवा व्हॅटिकन, दोन्ही नको.

* * *

पँथिऑनला जुलै २०२३ पासून तिकीट आहे. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, सुमारे ४३ मीटर. वरचं भोक उघडंच असतं, पाऊस सरळ आत येतो. खाली फरशीत निचऱ्याची भोकं दिसतात, ती जरूर शोधा.

तिथून पाचेक मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी हे चर्च, फुकट. आत डावीकडच्या शेवटच्या चॅपलमध्ये काराव्हाजो या इटालियन चित्रकाराची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. अंधार असला तर पेटीत नाणं टाकून दिवा लावायचा, म्हणून सुटे ठेवा. दुपारी चर्च बंद असतं; साडेबाराच्या आत पोहोचा, नाहीतर अडीचनंतर.

* * *

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी पिण्याचंच आहे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते.

पिझ्झा ‘आल ताल्यो’ म्हणजे कापून, वजनावर. फलकावरचा भाव बहुधा १०० ग्रॅमचा (‘एत्तो’) किंवा किलोचा असतो, तुकड्याचा नव्हे. किती हवा ते हाताने दाखवा. शाकाहारींनी बटाट्याचा किंवा मारिनारा (टोमॅटो-लसणाचा, चीजशिवाय) घ्यावा. सुप्लीत (तळलेला भाताचा गोळा) बहुतेकदा मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्या. कॉफी काउंटरशी उभ्यानेच प्या, टेबलावर बसलात की भाव चढतो.

* * *

वर सुटलेलं: सेंट पीटर्स बॅसिलिकात प्रवेश फुकट, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घुमटावर ५५१ पायऱ्या. लिफ्टचे जास्त पैसे भरले तरी ३२० उरतातच. आणि स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून दंड होतो.