९८ दिवसांची लोकल: लशीची सक्ती कोर्टात नेली ते बरोबरच झालं

चौथी सीट (धागाकर्ता)

परवा नात्यातल्या एका साखरपुड्यात करोनाच्या आठवणी निघाल्या. एक काका म्हणाले, "त्या काळात सरकारविरुद्ध कोर्टात गेलेले सगळे बिनडोक होते." पंगतीत वाद नको म्हणून गप्प बसलो, पण जिलबी काही उतरली नाही. तेव्हा इथे मांडतो.

८ ऑगस्ट २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की १५ ऑगस्टपासून लोकल सामान्यांना खुली. अट एकच, दोन्ही डोस झालेले हवेत आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटलेले हवेत. ऐकायला छान. आता माझा हिशेब बघा. मी तेव्हा ३८ वर्षांचा. १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरण १ मेला सुरू झालं आणि लशीच नाहीत म्हणून महाराष्ट्राने ते मे महिन्यातच थांबवलं. पुन्हा सुरू झालं जूनच्या उत्तरार्धात. कोविनवर बोटं झिजवून मला १ जुलैचा स्लॉट मिळाला. कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर तोवर केंद्राने ८४ दिवस केलं होतं. म्हणजे दुसरा डोस २३ सप्टेंबरला. वर १४ दिवस. ७ ऑक्टोबर, घटस्थापना. त्या दिवशी राज्यातली देवळं उघडली आणि माझ्यासाठी लोकलही उघडली.

८४ अधिक १४, एकूण ९८ दिवस. लस घ्यायला मी एका पायावर तयार होतो. ती मला वेळेत न देणारेही सरकारच आणि ती नाही म्हणून फलाटावर अडवणारेही सरकारच. ऑफिसने मात्र घरून काम बंद केलेलं. डोंबिवली ते फोर्ट बसने, जायचे तीन तास, यायचे साडेतीन. पगारातले किती गेले ते विचारू नका.

याचिका झाली, मुंबई उच्च न्यायालयात चालली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने बोट ठेवलं ते वेगळ्याच जागी. लस चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हता. हे आदेश काढायचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य कार्यकारी समितीचा, आणि तत्कालीन मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी समितीला विचारात न घेता ते एकट्याच्या सहीने काढले होते. सरकारने ते आदेश मागे घेतले आणि १ मार्चला नवा आदेश काढला. त्यात अट होती तशीच! शेवटी गुढीपाडव्याला सगळेच निर्बंध उठले.

माझं म्हणणं एवढंच. साथीत सरकारने कडक व्हावं, जरूर व्हावं. पण रोज ७५-८० लाख माणसं ज्या गाडीने पोटापाण्याला जातात, तिचं दार बंद करायचं तर निदान कायद्याने सांगितलेली पाच माणसं एका टेबलाभोवती बसली पाहिजेत.

सायडिंग

दार बंद होतं म्हणे! माझ्या डब्यात तेव्हा एवढे 'वॉर्डबॉय' होते की तेवढे सगळ्या केईएममध्ये नसतील. पन्नास रुपयांत आयकार्ड, वर लॅमिनेशन फुकट.

वॉर्ड नंबर सात

धागाकर्त्यांचे साडेसहा तास खरे आहेत, मान्य. आता माझे ऐका. एप्रिल २०२१ मध्ये मी एका सरकारी रुग्णालयात सिस्टर होते, अजूनही आहे. चाळीस खाटांच्या वॉर्डात बासष्ट पेशंट. दोन पेशंटमध्ये एक सिलेंडर फिरवायचा आणि कोणाचा आधी काढायचा हे रेसिडेंट डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघून ठरवायचा. त्या वेळी समिती बसली होती का, इतिवृत्त लिहिलं का, हे कोणी विचारायला आलं नाही.

आणि सक्तीने फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणणारे आमच्या गल्लीतले दोन रिक्षावाले आणि एक भाजीवाला, तिघेही लोकलची घोषणा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रावर सकाळी सहाला रांगेत. महिनाभर मी समजावत होते, तेव्हा ढिम्म हलले नव्हते. जानेवारी २०२२ च्या लाटेत घरोघरी पेशंट होते, पण माझ्या वॉर्डात एप्रिलसारखी रात्र एकही आली नाही. लस घेतल्यावरही करोना होतो हे मलाही माहीत आहे, मला स्वतःला दोनदा झाला. फरक खाटेचा आहे.

कोर्टाचं काय, निकाल लागला तोवर लाट ओसरली होती. पोहून आल्यावर नदीची खोली मोजणारे हे.

चौथी सीट

सिस्टर, तुमच्या रात्रींपुढे माझी बस काहीच नाही, हे लिहायला हवं होतं, राहिलं. पण सिलेंडर कोणाचा काढायचा हा निर्णय त्या मिनिटाचा होता. लोकलचा नव्हता. घोषणा ८ तारखेला, अंमल १५ ला. मध्ये सात दिवस. एक बैठक बसत नव्हती?

अशील नसलेला वकील

दोघांचीही गाडी थोडी रुळावर आणतो. "सुप्रीम कोर्टाने सक्ती बेकायदा ठरवली" असं लोक सर्रास ठोकून देतात, इथेही थोड्या वेळात कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच.

डॉ. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार, निकाल २ मे २०२२, न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि भूषण गवई. पुलियेल बालरोगतज्ज्ञ, लसीकरणावर केंद्राला सल्ला देणाऱ्या गटाचे माजी सदस्य. म्हणजे व्हॉट्सॲप विद्यापीठाचे पदवीधर नव्हेत. कोर्टाने काय म्हटलं? एक, घटनेच्या कलम २१ खाली शरीरावरचा हक्क माणसाचा स्वतःचा, कोणालाही धरून टोचता येणार नाही. दोन, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार त्या हक्कावर मर्यादा घालू शकतं, मात्र २०१७ च्या पुट्टस्वामी, म्हणजे खासगीपणाच्या हक्काच्या, निकालातली कसोटी लागेल: कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय आजाराच्या मानाने हवा. तीन, लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त फैलाव होतो, असं दाखवणारी आकडेवारी सरकारांनी समोर ठेवलेली नाही, तेव्हा रुग्णसंख्या कमी आहे तोवर ही बंधनं मागे घ्यावीत. आणि केंद्राचं लसीकरण धोरण? ते मनमानी नाही, असंच म्हटलं. बाकी मास्क वगैरे नियमांना तर हातही लावला नाही.

म्हणजे सक्ती कायमची बाद झाली नाही. सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर टाकलं, इतकंच. सिस्टर, तुमचा खाटेचा मुद्दा चांगला आहे. पण तो फैलावाचा मुद्दा नाही. "तू आजारी पडलास तर खाट अडवशील" म्हणून गाडीत बसू न देणं आणि "तू दुसऱ्याला आजारी पाडशील" म्हणून न देणं, कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी. सरकारने त्या एकाच पिशवीत भरल्या.

गंमत म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं की कुठल्याही कामासाठी लशीचं प्रमाणपत्र बाळगणं आम्ही बंधनकारक केलेलं नाही. त्याच आठवड्यात इकडे फलाटाच्या तोंडाशी क्यूआर कोड तपासणं चालू.

वॉर्ड नंबर सात

कायद्यात वेगळ्या असतील, वॉर्डात एकच. खाट अडली की पुढचा माणूस व्हरांड्यात मरतो. त्याला कोणी "दुसऱ्याला आजारी पाडलं" म्हणत नाही, पण मरतो ना तो?

खडूस म्हातारा

लेकरांनो, हे भांडण सव्वाशे वर्षं जुनं आहे आणि आपल्याच घरचं आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. दीड पानाचा कायदा. सरकारला वाटेल ते करता येईल आणि सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. २०२० ला टाळेबंदीसाठी हाच बाहेर काढला होता, धूळ झटकून. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घरात घुसवले, बायकामाणसांच्या तपासण्या, देवघरापर्यंत बूट. कोर्टात जायची वाट कायद्यानेच बुजवलेली. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं ते तुम्हाला शाळेत शिकवलंय.

पण त्याच वर्षीची दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात वॉल्डेमार हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले स्वेच्छेने पुढे आलेले कैदी, मग लोक. रँडला बंदूक लागली, हाफकिनच्या नावाने परळला संस्था उभी आहे. सिस्टरबाई, तुमचे रिक्षावाले रांगेत आले ते लोकलच्या धाकाने, पण उद्या धाक संपला की ते तुमचं ऐकतील का?

वॉर्ड नंबर सात

आजोबा, नमस्कार. तुलना आवडली पण पटली नाही. रँडचे सोजीर घरात शिरत होते. इथे कोणी कोणाच्या घरात शिरलं नाही, स्टेशनवर मोबाईल दाखवा म्हणाले. आणि ऐकतील का म्हणाल तर, त्यातला भाजीवाला बूस्टरला आपण होऊन आला. रिक्षावाले नाही आले. काढा काय अर्थ काढायचा तो.

पात्रादेवी नाका

गोव्याहून लिहितोय. तुम्ही सगळे धरून चाललाय की सरकार सक्ती करतं आणि कोर्ट सोडवतं. आमच्याकडे उलटं झालं. मे २०२१ मध्ये गोव्यात तपासलेल्या दोघांतला एक पॉझिटिव्ह निघत होता आणि सरकार सीमा मोकळ्या ठेवून बसलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेच १० मेपासून निगेटिव्ह सर्टिफिकेटशिवाय राज्यात प्रवेश नाही, असं बजावलं. गोमेकॉतल्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या, ऑक्सिजनची सुनावणीही त्याच कोर्टात. म्हणजे सक्ती मागायलाही लोक कोर्टातच गेले!

त्रास झालाच. माझा मावसभाऊ बांद्याचा, म्हापशाला गॅरेजात कामाला. टेस्टचे पैसे दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. पण त्या आठवड्यात मला विचारलं असतंत, तर मी कोर्टाच्या बाजूने होतो, भावाच्या नाही. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

एडिसनची वहिनी

न्यू जर्सीतून. मी इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, मला लस सक्तीची होती, घेतली, काही बिघडलं नाही. मी सक्तीच्या बाजूची. तरी चौथी सीट यांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडते. १३ जानेवारी २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना लावलेली 'लस घ्या नाहीतर दर आठवड्याला टेस्ट' ही सक्ती ६ विरुद्ध ३ मतांनी थांबवली. आरोग्य कर्मचाऱ्यांची, म्हणजे माझी, ५ विरुद्ध ४ ने चालू ठेवली. लस तीच, विषाणू तोच. प्रश्न एवढाच की त्या त्या सरकारी खात्याला काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायद्यात तो अधिकार दिलाय का. कामाच्या जागेचे धोके बघणाऱ्या खात्याने साऱ्या समाजाच्या आरोग्याचा नियम करायचा नाही, म्हणाले. तेव्हा मी चिडले होते. अजूनही थोडी चिडलेलीच आहे, तीन न्यायमूर्तींचं मत मला जास्त पटतं.

आणि सक्तीवाले लोक इथे कायम १९०५ चा जेकबसन खटला फेकून मारतात. देवीची लस नाकारणाऱ्या पाद्र्याविरुद्ध निकाल गेला, खरं. पण शिक्षा होती पाच डॉलर दंड. नोकरी गेली नाही की आगगाडी बंद झाली नाही.

सायडिंग

पाच डॉलर! आमच्याकडे तेवढ्यात दोन डोसचं सर्टिफिकेट आणि वडापाव आला असता. कांदिवलीच्या सोसायटीत तर लोकांनी पैसे मोजून बोगस लस घेतली. त्यांनी कुठल्या फलाटावर उभं राहायचं होतं, तेही कोणीतरी सांगा.

वॉर्ड नंबर सात

रात्रपाळी संपवून पुन्हा वाचलं. चौथी सीट, तुमचे ९८ दिवस मी कागदावर मांडून बघितले. पंचेचाळिशीच्या आतल्या बहुतेकांना ऑगस्टमध्ये जमणारं नव्हतं, आमच्यासारख्यांना आधी मिळाली ते सोडून. एक डोस आणि टेस्ट एवढ्यावर सोडता आलं असतं. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, ती चूकच. सक्ती चूक होती असं मात्र मी म्हणणार नाही. आणि पुढच्या साथीत ती तुमची समिती बसेल, तेव्हा वॉर्डातल्या कोणालातरी बोलवा.

चौथी सीट

बोलवायला मी कोण! कायद्यात समिती ठरलेली आहे. मुख्य सचिव आणि चार सचिव. वॉर्डातलं कोणी नाही.

वॉर्ड नंबर सात

लोकलने येणारं तरी आहे का कोणी त्यांच्यात?

अशील नसलेला वकील

लाल दिव्याच्या गाड्या बंद झाल्यात, एवढं सांगू शकतो.